मोठ्या आकड्याचा कॅम आणि गिऱ्हाइकाचा पैसा

आमचा धंदा कापडाचा. मोटारीच्या इंजिनावर आम्ही लिहावे याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण ज्याने मागाशेजारी उभे राहून कापड विणताना पाहिले आहे, त्याला कॅमशाफ्ट परका नाही. साध्या पॉवरलूमचा बॉटम शाफ्ट क्रँकशाफ्टच्या निम्म्या वेगाने फिरतो आणि त्यावरचे टॅपेट ठरल्या वेळी ताण्याचे धागे वर-खाली करतात. चार स्ट्रोकच्या इंजिनात कॅमशाफ्टही क्रँकच्या निम्म्याच वेगाने फिरतो. धाग्यांऐवजी तो व्हॉल्व्ह उघडतो. मागाची वेळ चुकली तर धोटा अडकून धागे तुटतात. इंजिनाची चुकली तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळू शकतो, आणि ते नुकसान धाग्यासारखे गाठ मारून भागत नाही.

आपली बरीच होतकरू मुले गॅरेजच्या आणि स्पेअरपार्टच्या लाईनीत आहेत, काही आखातात कामाला आहेत. त्यांच्याकडे टर्बो गाडीचे शौकीन गिऱ्हाईक येते आणि "सगळ्यात मोठा कॅम टाका" म्हणते. दुकानदारही तोच काढून देतो. आमच्या मते इथेच गिऱ्हाइकाचा पैसा आणि कारागिराचे नाव दोन्ही जाते.

उदाहरण म्हणून मित्सुबिशी लान्सर इव्होल्यूशनचे ४जी६३ हे दोन लिटरचे टर्बो इंजिन घेऊ. १९९२ च्या पहिल्या पिढीपासून २००५ मध्ये आलेल्या नवव्या पिढीपर्यंत ते चालले. (आपल्याकडे १९९८ पासून बनलेल्या लान्सरमध्ये हे इंजिन नव्हते. नावावरून गफलत नको.) यासाठी बाहेरच्या कंपन्यांचे कॅम २६४, २७२, २८० अशा आकड्यांनी विकले जातात. क्रँकच्या किती अंशांपर्यंत व्हॉल्व्ह उघडा राहतो, तो हा आकडा. लोक त्याला ताकदीचा आकडा समजतात. ऐंशी काउंटचे सूत चाळीसपेक्षा बारीक असते, म्हणून कोणी त्याची ताडपत्री विणत नाही.

खरा हिशोब आहे ओव्हरलॅपचा, म्हणजे इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे असतात त्या काळाचा. दोन्ही कॅमच्या उंचवट्यांच्या मध्यांमधले अंतर ११० अंश धरले, तर त्याची दुप्पट २२०. दोन्ही कॅम २६४ चे असतील तर ओव्हरलॅप ४४ अंश, २७२ चे असतील तर ५२, आणि २८० चे असतील तर ६०. बिनटर्बो इंजिनात हा वेळ वरच्या वेगाला फायद्याचा ठरतो, कारण बाहेर जाणारा धूर ताज्या हवेला ओढून घेतो. टर्बोचे गणित निराळे. टर्बाइनच्या तोंडाशी धूर अडतो, आणि टर्बो लहान असेल तर तिथला दाब पुष्कळदा इनटेकच्या दाबापेक्षा जास्त असतो. मग दोन्ही दारे उघडी असताना जळका धूर उलटा आत शिरतो. गाडी उभी असताना इंजिन थरथरते, खालच्या वेगाला ओढ राहत नाही, टर्बो उशिरा जागा होतो. रोज शहरातल्या गर्दीत चालणाऱ्या गाडीचे सारे आयुष्य त्या खालच्या वेगातच जाते.

म्हणून कंपनीचाच टर्बो ठेवायचा असेल तर २६४ च्या आसपास थांबावे. टर्बो मोठा घातला असेल तरच २७२ चा विचार करावा. २८० हा शर्यतीचा माल आहे, आणि रस्त्याच्या गाडीसाठी तो मागणाऱ्याला आम्ही तरी नको म्हणू.

स्प्रिंगचा खर्च लोक विसरतात. ३४ मिलिमीटर व्यासाच्या व्हॉल्व्हचे तोंड सुमारे ९ चौरस सेंटिमीटर असते. दीड बारचा बूस्ट त्याच्या पाठीवर जवळजवळ १४ किलोचा जोर टाकतो. स्प्रिंग मऊ असेल तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही. तेव्हा कॅम बनवणाराच कोणती स्प्रिंग सांगतो ते आधी विचारावे, आणि कॉम्प्युटरच्या ट्यूनिंगचा खर्चही त्याच वेळी धरावा.

माल घेताना पिढी सांगून घ्यावा. १९९६ च्या चौथ्या पिढीत इंजिन उलट्या बाजूने बसवले गेले, आणि नवव्या पिढीत इनटेक कॅमला मायव्हेक आले. दिसायला सारखे, पण हे कॅम एकमेकांच्या जागी चालत नाहीत. मोजमापही विचारावे. एक कंपनी व्हॉल्व्ह हलल्यापासून अंश मोजते, दुसरी तो एक मिलिमीटर उचलल्यापासून. एकाने गजाने मोजले आणि दुसऱ्याने मीटरने, तर आकडे जुळतील कसे?

आणि इथल्या रस्त्यावर चालणारी गाडी असेल तर मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ गिऱ्हाइकाला आधीच दाखवावे. नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल ते चालू देत नाही.

कॅमसोबत अंश, लिफ्ट आणि मधले अंतर लिहिलेला कागद येतो. पुष्कळ दुकानांत तो खोक्याबरोबर फेकला जातो. तो बिलाला टाचून गिऱ्हाइकाच्या हाती द्यावा. पुढच्या मेकॅनिकला टायमिंग लावताना त्याच कागदाची गरज पडते.