कोळशाचा अस्तकाळ आणि कंत्राटी मजूर

हिंगोली जिल्ह्यात कोळशाची खाण नाही, पोलादाचा कारखाना नाही. १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा झालेला हा जिल्हा शेतीवरच जगतो. तरीही कोळशाच्या अस्ताचा प्रश्न आपल्याला परका नाही. परभणीपलीकडे, बीड जिल्ह्यातील परळी येथे औष्णिक वीज केंद्र आहे. १९७१ पासून तेथे उभारलेले पाच जुने संच आता सेवेतून निवृत्त झाले असून २००७ ते २०१६ या काळात आलेले प्रत्येकी २५० मेगावॉटचे तीन संच उरले आहेत. २०१३ च्या दुष्काळात तर पाण्याअभावी सारे केंद्रच बंद ठेवावे लागले होते.

संच बंद झाला की कायम कर्मचाऱ्याची बदली दुसऱ्या केंद्रात होऊ शकते. कंत्राटी मजूर, राख वाहणारा ट्रकचालक आणि फाटकासमोरचा चहावाला यांची बदली कोण करणार? रोजगारासाठी जिल्ह्याबाहेर जाणाऱ्या मराठवाड्यातील अनेक कुटुंबांचा हा प्रश्न आहे. २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे लक्ष्य भारताने २०२१ मध्ये ग्लासगो येथे जाहीर केले. त्यामुळे हा प्रश्न पुढे अधिक तीव्र होणार, हे उघड आहे.

या बाबतीत जगाचा अनुभव उद्बोधक आहे. रॉबर्ट शुमान यांच्या ९ मे १९५० च्या घोषणेतून युरोपीय कोळसा व पोलाद समुदाय जन्मास आला. १९५१ मध्ये सहा राष्ट्रांनी पॅरिस येथे करार केला. शुमान हे श्रद्धावान कॅथलिक होते; पोप फ्रान्सिस यांनी २०२१ मध्ये त्यांना ‘पूजनीय’ घोषित केले. कोळसा व पोलादाच्या उत्पादनावर कर बसवून समुदायाने निधी उभारला. काम गमावणाऱ्यांना मधल्या काळाचा भत्ता, नवे प्रशिक्षण आणि स्थलांतराचा खर्च त्यातून मिळू लागला. संबंधित राष्ट्रानेही साधारणतः तितकीच रक्कम घालावी, अशी अट होती. बेल्जियमच्या खाणी बंद पडू लागल्या तेव्हा या व्यवस्थेचा आधार झाला. दुःख टळले नाही, पण कामगाराचा वाटा करारातच लिहिलेला होता.

दक्षिण आफ्रिकेत याउलट घडले. फ्रान्स, जर्मनी, ब्रिटन, अमेरिका व युरोपीय संघाने २०२१ मध्ये त्या देशाला ८.५ अब्ज डॉलरचे आश्वासन दिले. कोमाटी येथील कोळसा वीज केंद्र ऑक्टोबर २०२२ मध्ये बंद झाले. मात्र केंद्र आधी बंद झाले आणि पर्यायी रोजगार मागे राहिला, अशी टीका तेथे झाली. २०२५ मध्ये अमेरिका या भागीदारीतून बाहेर पडली. बाहेरून येणारा पैसा हा उपकार म्हणून आला तर तो कधीही थांबू शकतो. कराराने आला तर त्याला जाब विचारता येतो.

ख्रिस्तसभेची शिकवण येथे स्पष्ट आहे. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ च्या ‘रेरुम नोव्हारुम’मध्ये न्याय्य वेतनाचा आग्रह धरला. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’मध्ये कोळशासारख्या इंधनांना टप्प्याटप्प्याने पर्याय द्यावा असे सांगितले आणि पृथ्वीचा व गरिबांचा आक्रोश एकत्र ऐकण्यास शिकविले. २०१५ च्याच पॅरिस हवामान कराराच्या प्रस्तावनेतही कामगारांसाठी न्याय्य संक्रमणाचा उल्लेख आहे.

म्हणून परदेशी मदतीच्या वाटाघाटी करताना शासनाने तीन गोष्टी आधी ठरवाव्यात: बंद होणाऱ्या प्रत्येक केंद्रातील कंत्राटी मजुरांची नोंद, संच थांबण्यापूर्वी पर्यायी काम आणि निर्णयप्रक्रियेत गावकऱ्यांना स्थान. आपली धर्मग्रामेही हातभार लावू शकतात. हजेरीची नोंद, वेतनपावती, भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक हे कागद मजुरांनी जपावेत यासाठी त्यांना साहाय्य करावे. द्राक्षमळ्याच्या दाखल्यातील धन्याने शेवटच्या तासाला आलेल्यालाही पूर्ण मजुरी दिली. आपल्याकडे मात्र त्या मजुराचे नाव प्रथम यादीत यावे लागेल.