नेपाळचा तास किल्लारीपासून

दहावीच्या भूगोलात भारताच्या जोडीला ब्राझील आहे. नांदेड-लातूरची मुलं ॲमेझॉनचं खोरं आणि ब्राझीलची उच्चभूमी घडाघडा सांगतात. नेपाळचं नाव काढलं की काठमांडू, एव्हरेस्ट, आणि पुढे वर्ग गप्प! ब्राझीलला आमची हरकत नाही. दोन प्रदेश शेजारी ठेवून शिकवण्याची रीत चांगलीच आहे. ती सहावी-सातवीपासून शेजाऱ्यालाही लावावी, एवढंच म्हणणं.

आशियाचे प्राकृतिक विभाग आपण सहसा सैबेरियापासून सांगत खाली येतो. दख्खनचं पठार येईपर्यंत तास संपत आलेला असतो. यंदा किल्लारीच्या भूकंपापासून सुरुवात करून पाहा.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, आदल्या रात्रीच गणपती विसर्जन झालेलं. औसा-उमरगा भागातली गावं झोपेतच ढिगाऱ्याखाली गेली. तीव्रता ६.२, बळी सुमारे दहा हजार. नेपाळमध्ये २५ एप्रिल २०१५ ला ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला, तिथले बळी नऊ हजारांच्या आसपास. दीड-पावणेदोन अंकांचा फरक किरकोळ वाटतो, पण त्यात ऊर्जा सुमारे २५० पट वाढते. हे आकडे फळ्यावर लिहा आणि विचारा, मग किल्लारीत माणसं एवढी कशी गेली?

उत्तरं मुलंच देतील. दगड-मातीच्या जाड भिंती, वर मातीचं जड माळवद, आणि पहाटेची झोप. नेपाळच्या डोंगरी गावांतही घरं दगड-मातीचीच होती, पण धक्का भरदुपारी बसला. वार शनिवार, म्हणजे तिथली साप्ताहिक सुट्टी; शाळा रिकाम्या होत्या. एक सांभाळा: ज्या घरातली माणसं गेली, तिथल्या मुलाला ‘आजीची मुलाखत घेऊन ये’ असा गृहपाठ देऊ नका.

इथून खंडाकडे वळणं सोपं जातं. भारतीय भूपट्ट दरवर्षी काही सेंटिमीटर उत्तरेकडे सरकतो आणि आशियाला रेटतो. त्या रेट्यातून हिमालय उभा राहिला, त्यामागे तिबेटचं पठार उचललं गेलं. नेपाळ त्या सांध्यावरच आहे, म्हणून तिथे धक्के वरचेवर. आपण पट्टाच्या आत, जुन्या कठीण खडकावर आहोत. इथे भूकंप क्वचित, म्हणून घरं बांधताना त्याचा विचारही कुणी केला नव्हता.

मग नकाशा. नांदेड ते सोलापूर सरळ रेषेत जेवढं अंतर, साधारण तेवढीच नेपाळची दक्षिणोत्तर रुंदी. आपल्याकडे त्या अंतरात चढउतार काहीशे मीटरचा. नेपाळात तराईच्या शंभरएक मीटरवरच्या भातखाचरांतून निघालं की मधले डोंगर ओलांडून ८,८४९ मीटरपर्यंत पोहोचतो. हे सांगून कळत नाही. दोन्ही छेद एकाच प्रमाणात काढून घ्या. उभं प्रमाण १ सेंमीला ५०० मीटर धरलं तर नांदेड एक सेंटिमीटरही भरत नाही आणि एव्हरेस्टला जवळपास अठरा लागतात. आलेखाचा कागद आधीच उभा धरायला सांगा, नाहीतर शिखर बाकावर काढावं लागेल.