तपासणं म्हणजे अविश्वास नव्हे



गेल्या रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात एका तरुण जोडप्याने मला बाजूला घेतलं. दोघंही माझ्या धर्मशिक्षण वर्गातली जुनी मुलं. "सर, आपल्याच धर्मग्रामातल्या अंकलची गाडी घेतोय. मेकॅनिकला दाखवतो म्हटलं तर त्यांना वाईट वाटेल का?"

हाच प्रश्न 2021 च्या जानेवारीत मला पडला होता आणि मी तो गिळून टाकला होता. आईचे गुडघे गेलेले, तिला बेळगावात दवाखान्यात न्यायला-आणायला गाडी हवी होती. आमच्या क्वायरमधल्या एका दादांची कोल्हापूर पासिंगची गाडी विकायची होती. "आपलाच माणूस" म्हणून मी डिकीसुद्धा उघडून पाहिली नाही. पहिल्याच पावसाळ्यात आत कुबट वास यायला लागला, मग काचा बंद पडल्या, मग गाडीच भर पावसात रस्त्यात थांबली, आई मागच्या सीटवर. गॅरेजमधल्या मिस्त्रीने सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून दाखवला. टोकाकडच्या हातभर पट्ट्यावर वाळलेल्या चिखलाची रेघ होती. गाडी पुराच्या पाण्यात बुडून आलेली होती. ऑगस्ट 2019 मध्ये कोल्हापूर-सांगलीत किती गाड्या पाण्याखाली गेल्या, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे.

वायरिंगला चाळीस हजार गेले. त्याहून मोठं नुकसान वेगळंच. मिस्सात शांतीची खूण देताना मी दादांकडे पाठ करून शेजाऱ्याचा हात धरायचो. वर्षभर. नंतर कळलं, त्यांनीही ती एका व्यापाऱ्याकडून न तपासता घेतली होती. त्यांना काहीच ठाऊक नव्हतं.

म्हणून माझं मत स्पष्ट सांगतो. ओळखीच्या माणसाकडून गाडी घेताना तर ती जास्तच नीट तपासावी. अनोळखी माणसाशी व्यवहार फसला तर पैसे जातात. आपल्या माणसाशी फसला तर माणूस जातो.

काय पाहायचं? मी मेकॅनिक नाही, पण ठेच लागून जे शिकलो ते असं. गाडी सकाळी, इंजिन पूर्ण गार असताना पाहा. आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर कोणीतरी आधीच चालू करून ठेवली आहे, दुसऱ्या दिवशी या. चालू केल्यावर निळसर धूर आला तर ऑइल जळतंय. तापल्यावरही दाट पांढरा धूर राहिला तर कूलंट आत जात असण्याची शंका घ्या. पायाखालचं मॅटिंग उचला, स्टेपनीची जागा पाहा, बेल्ट पूर्ण ओढा. मीटरवर तीस हजार किलोमीटर आणि ब्रेकच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालेलं, तर सर्विसिंगच्या जुन्या पावत्या मागा. टायरवर चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. टायर एकाच बाजूने झिजले असतील तर कारण विचारा.

कागदही गाडीइतकेच महत्त्वाचे. विम्याच्या कागदावर नो क्लेम बोनस पाहा. मालक म्हणतो "कधी खरचटलीसुद्धा नाही" आणि बोनस शून्य दिसतो, तर मागच्या वर्षी क्लेम झाला होता का, हे विचारायलाच हवं. आरसीवर बँकेचा बोजा आहे का, दंडाच्या पावत्या थकल्या आहेत का, हे परिवहन खात्याच्या ॲपवर दिसतं. आपण सीमाभागातले, त्यामुळे एमएच किंवा गोव्याच्या पासिंगची गाडी स्वस्त दिसते. पण तिकडच्या आरटीओची एनओसी आणि इकडचा रोड टॅक्स धरून मग हिशेब करा. आणि नाव बदलणं पुढे ढकलू नका. आरसीवर ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याची, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केलं आहे. म्हणजे यात विकणाऱ्याचंही हित आहे.

आता विकणाऱ्यांसाठी दोन शब्द. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी हाच प्रश्न घोड्यांच्या बाबतीत सोडवला आहे. घोड्याचा एक डोळा गेलेला असेल तर तो समोर दिसतो. किंमत त्या मानाने कमी केली असेल तर तोंडाने सांगण्याची सक्ती नाही. पण न दिसणारा दोष लपवून लंगडा घोडा चपळ म्हणून विकला, तर ते पाप. आणि विकताना दोष माहीत नव्हता पण नंतर कळला, तर पाप लागत नाही, तरी भरपाई द्यावी लागते. घोड्याच्या जागी गाडी घाला, एक शब्दही बदलावा लागत नाही. सातव्या आज्ञेखाली धर्मशिक्षण आपल्याला हेच सांगतं: समोरच्याच्या अज्ञानाचा फायदा घेऊन भाव वाढवणं हीदेखील चोरीच.

यात व्यवहारही आहे. जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञांनी 1970 मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजारावर निबंध लिहिला, आणि त्या कामासाठी त्यांना 2001 मध्ये नोबेल मिळालं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: चांगली गाडी कोणती आणि खराब कोणती हे घेणाऱ्याला ओळखता आलं नाही, तर तो सगळ्यांनाच मधला भाव देतो. त्या भावात चांगल्या गाडीचा मालक विकायला तयार होत नाही, आणि बाजारात खराब गाड्याच उरतात. म्हणजे तपासणीला नकार देणारा प्रामाणिक मालक स्वतःचंच नुकसान करतो.

म्हणून माझी सूचना अशी की आपल्या धर्मग्रामात ही रीतच पडावी. गाडी विकणाऱ्याने मागण्याआधीच चावी पुढे करावी आणि म्हणावं, "तुमच्या मिस्त्रीला दाखवून आणा." मग घेणाऱ्याला संकोच नाही आणि विकणाऱ्याला अपमान नाही.

हे लिहिणं सोपं आहे. माझी तीच गाडी मी या महिन्यात विकायला काढली आहे. एक जण मला म्हणाला, "बेल्ट बदलून टाका, सातशे रुपयांचं काम. तीस हजार जास्त येतील." तीस हजार माझ्यासाठी थोडे नाहीत. दोन रात्री मी तो हिशेब केला, हे कबूल करतो. मग एका कागदावर सगळं लिहून काढलं: पूर, वायरिंग, काय बदललं, काय राहिलं. तो कागद आता आरसीच्या पाकिटातच ठेवला आहे, म्हणजे दाखवायचं विसरलो असं म्हणता येणार नाही.

लिहून झाल्यावर तो आधी दादांना वाचून दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मागच्या डाव्या दाराचं लिहायचं राहिलं, ते पावसात अडकतं."

तेही लिहिलं.