मणक्यातले सिमेंट

कर्करोग मणक्यात उतरला की कूस बदलणेही जिवावर येते. अशा पोखरलेल्या मणक्यात, क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत, पाठीतून सुईने अ‍ॅक्रिलिक सिमेंट भरता येते. ते काही मिनिटांतच घट्ट होते. १९८४ साली फ्रान्समधील आमियाँ येथे हा उपचार प्रथम झाला, तोही मणक्यातल्या गाठीवरच. ठिसूळ हाडांच्या रुग्णांना त्याचा फायदा होतो का, याबद्दल २००९च्या चाचण्यांनी शंका निर्माण केली. कर्करोगग्रस्तांना मात्र फुग्याने मणका उचलून सिमेंट भरण्याच्या पद्धतीने आराम पडल्याचे २०११मध्ये दिसले. गाठ याने बरी होत नाही. सिमेंट मज्जारज्जूकडे झिरपण्याचा धोकाही असतो. तरी बेळगावहून बेंगळुरूच्या किडवाई कर्करोग संस्थेपर्यंत दुखरी पाठ घेऊन येणाऱ्यांना हा पर्याय आणि त्याचा खर्च पहिल्याच भेटीत सांगितला पाहिजे. गोळ्या थकल्यावर नव्हे.