चेहरा आणि छायाचित्र

भिंतीवरील छायाचित्र हे घराच्या स्मृतीचे एक साधन असते. घरातील वृद्ध माणूस निघून गेले, तरी त्याचा चेहरा त्या चौकटीत राहतो. पुढे जन्मास येणारी मुले त्याला त्या चेहऱ्यावरूनच ओळखतात. म्हणून छायाचित्रातील चेहऱ्यावर काय राखावे आणि काय पुसावे, हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाही.

चेहरा सुधारण्याची हौस जुनीच आहे. १८५५ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात फ्रांत्स हान्फस्टेंगल या जर्मन छायाचित्रकाराने एकाच व्यक्तीची दोन चित्रे मांडली होती : एक मूळ आणि दुसरे निगेटिव्हवर हात फिरवून सुधारलेले. पुढे छायाचित्रकार निगेटिव्हवर बारीक पेन्सिलीने हे काम करू लागले. त्याला कौशल्य लागे, वेळही लागे. १९९० मध्ये ‘फोटोशॉप’ ही संगणकाची आज्ञावली आली आणि काम सोपे झाले. आता तर बोटाच्या एका स्पर्शाने मोबाइल चेहरा गुळगुळीत करून देतो.

हे कसे घडते? संगणकावरील चित्र असंख्य सूक्ष्म ठिपक्यांचे असते. त्वचा नितळ करताना यंत्र शेजारच्या ठिपक्यांचे रंग एकमेकांत मिसळते. त्यामुळे त्यांतील बारीक भेद मावळतो. पण पुटकुळी कोणती आणि हसून हसून उमटलेली रेषा कोणती, हे यंत्रास कोठून ठाऊक असणार? ते दोन्ही पुसून टाकते. त्वचेवरची बारीक रंध्रेही नाहीशी होतात. उरतो तो मेणाच्या बाहुलीसारखा चेहरा.

समजा, एखाद्या आजीच्या गालांवर देवीचे वण आहेत. भारतात देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ मध्ये आढळला आणि १९८० मध्ये सारे जग या रोगातून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. त्यापूर्वी लहानपणी ती आजी या भयंकर रोगातून वाचली, याची साक्ष ते वण देतात. नातवाने हौसेने ते पुसले, तर चित्र सुंदर दिसेल. परंतु त्यात आजी किती उरेल?

इटलीतील चित्रकार डोमेनिको गिर्लांदायो याने १४९० च्या सुमारास एका आजोबांचे व नातवाचे चित्र रंगविले. ते आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. आजोबांचे नाक रोगाने फुगून खडबडीत झालेले आहे. चित्रकाराने ते झाकले नाही. त्या नाकाकडे न बिचकता नातू आजोबांच्या छातीवर हात ठेवून प्रेमाने वर पाहत आहे. पाहणाऱ्याचे मन त्या प्रेमातच गुंतते.

छायाचित्राला हात लावूच नये, असे कोणी म्हणणार नाही. जुन्या चित्रावरचा ओरखडा बुजवावा. चार दिवसांची पुटकुळी पुसली तरी बिघडत नाही. जे पाहुणे म्हणून आले ते जाऊ द्यावे. जे त्या माणसाचेच आहे ते राहू द्यावे. बदल केला असेल, तर तो लपवू नये. नॉर्वेमध्ये २०२२ पासून तसा कायदाच लागू आहे : जाहिरातीतील व्यक्तीची त्वचा किंवा शरीराचा आकार बदलला असेल, तर तसे चित्रावर नमूद करावे लागते.

असा नियम का हवा? कारण सतत नितळ चेहरे पाहणारे मूल एके दिवशी आरशासमोर उभे राहते आणि आपल्याच चेहऱ्यावर रुसते. वस्तुतः दोष त्याच्या चेहऱ्यात नसतो. आरशात दिसतो तसा चेहरा खऱ्या माणसांना असतो. चित्रातला तो चेहरा मात्र कोणाचाच नसतो. एवढे ज्याने ओळखले, त्याला आरशाची भीती उरणार नाही.