विश्लेषण : 'नको' म्हणूनही आत ओढलेला प्रांत, फिलिपिन्सच्या सुलूत नेमकं काय झालं?

एखाद्या भागाने मतदान करून 'आम्हाला या सरकारखाली जायचं नाही' असं सांगितलं आणि तरीही त्याला तिथेच ठेवलं तर? फिलिपिन्सच्या सुलू प्रांतात अगदी हेच झालं. ते निस्तरायला साडेपाच वर्षं लागली.

सुलू आहे कुठे?

मिंदनाओ आणि बोर्निओ यांच्यामध्ये बेटांची एक माळ आहे. तिचा मधला भाग म्हणजे सुलू. राजधानी होलो, लोकसंख्या २०२० च्या जनगणनेनुसार सुमारे १० लाख. देश कॅथलिकबहुल, पण इथे बहुसंख्य लोक ताउसुग मुस्लिम. स्पॅनिश येण्याआधीपासून इथे सुलतानांचं राज्य होतं. ख्रिस्ती मोजकेच, तरी होलोत त्यांचं कॅथेड्रल आहे.

मग मुस्लिमांच्याच स्वायत्त प्रदेशाला 'नाही' का?

इथेच बाहेरच्यांची गल्लत होते. धर्म एक असला तरी राजकारण एक नाही. बांग्सामोरो हा नवा स्वायत्त प्रदेश ज्या २०१४ च्या शांतता करारातून आला, तो सरकारने 'एमआयएलएफ'शी केला होता. या संघटनेचं नेतृत्व प्रामुख्याने मिंदनाओतल्या मागिंदनाओ समाजाकडे. सुलूत वजन आहे ते नूर मिसुआरींच्या जुन्या 'एमएनएलएफ'चं. प्रांताचे तत्कालीन गव्हर्नर तर २०१८ मध्येच या कायद्याविरुद्ध कोर्टात गेले होते.

२१ जानेवारी २०१९ ला सार्वमत झालं. सुलूत सुमारे १ लाख ६३ हजार मतं 'नाही', १ लाख ३७ हजार 'हो'. पण मेख कायद्यातच होती. जुन्या स्वायत्त प्रदेशातल्या पाचही प्रांतांची मतं एकत्र मोजायची होती. बेरीज 'हो' आली आणि सुलू आत गेला.

९ सप्टेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने त्याला बाहेर काढलं. राज्यघटनेनुसार होकार देणारे प्रांतच स्वायत्त प्रदेशात येऊ शकतात, असं न्यायालय म्हणालं.

आता पुढे काय?

बांग्सामोरोच्या ८० जागांच्या संसदेत सुलूच्या ७ जागा होत्या. त्यांचं काय करायचं, या प्रश्नामुळे मे २०२५ ची पहिलीच निवडणूक पुढे ढकलावी लागली. शाळा आणि आरोग्य खात्याचा कारभार कोण बघणार, हेही नव्याने ठरवावं लागलं. जुलै २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांनी सुलू ख्रिस्तीबहुल झांबोआंगा द्वीपकल्प विभागाला जोडला.

गंमत नकाशात आहे. सुलूच्या पलीकडचा तावी-तावी प्रांत अजून बांग्सामोरोतच आहे. प्रदेशाची राजधानी कोताबातो आणि तावी-तावी यांच्यामध्ये आता दुसऱ्याच विभागातला एक अख्खा प्रांत आहे.