आमच्या घरातल्या ललिता पवार

लग्नानंतर पहिल्याच वर्षी मी बहिणीला फोनवर हळूच म्हटलं होतं, “आमच्याकडे ना, साक्षात ललिता पवार आहेत!” मैत्रिणींनो, खरं सांगा, तुमच्यापैकी किती जणींनी असं म्हटलं नसेल? सासू करडी असली की हे नाव तोंडात यायचंच.

2020 च्या टाळेबंदीत दूरदर्शनवर ‘रामायण’ पुन्हा लागलं. सकाळी पोहे घेऊन आम्ही सगळे टीव्हीसमोर. मंथरा आली, काठी टेकत, पाठीत वाकलेली. 1987 साली मालिका सुरू झाली तेव्हा बाईंनी सत्तरी गाठली होती, तरी कैकेयीचे कान भरताना तो बारीक डोळा असा काही फिरे की अंगावर काटा यावा. मी खुदकन हसले. सासूबाई टीव्हीवरची नजर न काढता म्हणाल्या, “बहिणीला सांगितलं होतंस ना, मी अशी म्हणून?”

माझा घास घशातच अडकला. इतकी वर्षं त्यांना ठाऊक होतं!

मग त्याच सांगू लागल्या. ललिताबाई येवल्याच्या, जन्म 1916 चा. म्हणजे आपल्या छत्रपती संभाजीनगरहून वैजापूर ओलांडलं की आलंच. पैठणी घ्यायला जातो तेच येवला. लहानपणापासून मूकपटात कामं, पुढे नायिका. 1942 साली ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात नवख्या भगवानदादांची थप्पड जोरात बसली. चेहऱ्याला पक्षाघात झाला आणि डावा डोळा कायमचा अधू राहिला. वय सव्वीस. नायिकेची कामं संपली, उरल्या खाष्ट सासवा आणि कजाग आत्याबाई. ‘रामशास्त्री’त (1944) ‘ध’चा ‘मा’ करणारी आनंदीबाईही त्याच.

आपण ज्या डोळ्याला दुष्टपणा म्हणत आलो, ती खरं तर दुखापत होती. हे कळल्यावर मला काही सुचेना.

“आता ‘अनाडी’ बघ,” सासूबाईंनी फर्मावलं. तो 1959 चा, हृषीकेश मुखर्जींचा. दुपारी भांडी आवरून दोघी मोबाईल पाण्याच्या तांब्याला टेकवून बसलो. मिसेस डिसा राज कपूरवर भाड्यासाठी खेकसते आणि आईच्या मायेनं त्याला सांभाळतेही. डोळा तोच, पण आता त्यात काळजी दिसते. फिल्मफेअरचं सहाय्यक अभिनेत्रीचं पारितोषिक त्यांना याच कामासाठी मिळालं. ‘श्री 420’ मधली केळेवाली गंगामाईसुद्धा अशीच. ‘मिस्टर अँड मिसेस 55’ मात्र मला डाचतो. स्त्रियांच्या हक्काविषयी बोलणारी आत्या तिथे हास्यास्पद केली आहे, आणि त्यासाठीही ललिताबाईच हव्या होत्या! गोड चेहऱ्याच्या बाईला नसतं दिलं ते काम.

डिसाबाई भेसळीच्या औषधानं जाते तेव्हा सासूबाईंनी पदर डोळ्याला लावला. मी उगाच तांब्या उचलून पाणी प्यायले, तर मोबाईल धाडकन आडवा झाला. “धांदरट!” त्या ओरडल्या. आवाज अगदी डिसाबाईंचाच.

संध्याकाळी बहिणीचा फोन. “काय म्हणतात तुमच्या ललिता पवार?”

मी मोठ्यानंच विचारलं, “कुठल्या गं? रामायणातल्या की अनाडीतल्या?”

स्वयंपाकघरातून उत्तर आलं, “दोन्ही आहेत म्हणावं! आणि कुकरच्या शिट्ट्या मोज, मी मोजणार नाही.”